सुई मारणाऱ्याची ओपीडी: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टने पेशंट स्वतःच्या नावावर भरती करावा का?

मुळामुठा (धागाकर्ता)

पुण्यात कॅथलॅब नसलेलं मोठं हॉस्पिटल आता शोधावं लागेल. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टची (म्हणजे स्क्रीनवर बघत सुई-नळीने आतले इलाज करणारा; पुढे नुसतं आयआर) ओपीडी मात्र खरोखरच शोधावी लागते, आणि सापडलीच तर तळघरात, सोनोग्राफीच्या रांगेशेजारी.

चालू पद्धत सगळ्यांना माहीत आहे. सर्जन किंवा फिजिशियन पेशंट भरती करतो, कागदावर ‘पीटीबीडी करावे’ (कातडीतून सुईने तुंबलेल्या पित्तनळीत ड्रेन टाकणं) एवढं लिहून खाली पाठवतो. आयआरवाला पेशंटचा चेहरा पहिल्यांदा टेबलावर बघतो, काम करतो, दोन ओळींची नोट लिहितो. पेशंट वर गेला की विषय संपला.

माझं म्हणणं असं की या कामांतला धोका टेबलावरच्या पाऊण तासात कमी आणि आधीच्या-नंतरच्या दिवसांत जास्त असतो. पीटीबीडीच घ्या. तुंबलेल्या पित्तात जंतू असतात. तिथे जोर लावून डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडला की ते रक्तात जातात आणि तास-दोन तासांत थंडी वाजून बीपी कोसळतं. म्हणून अँटिबायोटिक आधी द्यायचं, सुई नळीत गेली की पहिल्यांदा पित्त काढून घ्यायचं, डाय जेमतेम दिशा कळण्यापुरता. कोलँजायटिस (पित्तनळीचं इन्फेक्शन) असेल तर पहिल्याच दिवशी अडथळा पार करायचा हट्ट नको. आठ फ्रेंचचा (हे नळीच्या जाडीचं माप) ड्रेन बाहेर काढून थांबायचं, आत जायचं ते दोन-तीन दिवसांनी, ताप उतरल्यावर. कावीळ जुनी असेल तर व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) वाढलेला असतो. तो बघून इंजेक्शन आदल्या दिवशी सुरू व्हायला हवं, टेबलावर नाही.

नंतरचं तर कोणीच बघत नाही. नुसत्या बाहेरच्या ड्रेनमधून दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पित्त जाऊ शकतं, त्याबरोबर सोडियम आणि बायकार्बोनेट. ते भरून काढलं नाही तर चौथ्या दिवशी क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढतं आणि वॉर्डात ‘सेप्सिस असेल’ म्हणून अँटिबायोटिक बदललं जातं.

तर प्रश्न असे: स्वतंत्र ओपीडी हवी का? भरती कोणाच्या नावावर? आणि रात्री फोन कोणी उचलायचा?

नळस्टॉप

शीर्षक वाचून लसीकरणाचा धागा वाटला. आलोच आहे तर बसतो कोपऱ्यात. चहा सांगा.

पेठकर

तत्त्वतः मान्य, व्यवहारात नाही. मी सर्जरीच्या बाजूने बोलतोय हे आधीच सांगतो.

भरती करणं म्हणजे केसपेपरवर नाव लिहिणं नव्हे. रात्री दोनला ड्रेन निघून आला, ताप १०३ आहे, तर वॉर्डात जाऊन पोटाला हात लावणारा निवासी डॉक्टर लागतो. बहुतेक ठिकाणी आयआर म्हणजे एक कन्सल्टंट आणि एक टेक्निशियन. त्यातला कन्सल्टंट सकाळी कोथरूडला, दुपारी हडपसरला. जांघेतल्या धमनीचं पंक्चर इंग्वायनल लिगामेंटच्या (जांघेतल्या पट्ट्याच्या) वर लागलं तर रक्त पोटामागे साचतं. जांघेत गाठ नाही, डाग नाही, ड्रेसिंग कोरडं. पाठ किंवा कंबर दुखते, नाडी वाढते आणि बीपी सगळ्यात शेवटी पडतं. तोवर साहेब मगरपट्ट्याच्या सिग्नलला. बघायचं कोणी? आम्हीच.

आधी बेड, आधी टीम. मग ओपीडी.

मुळामुठा

पेठकर साहेब, उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. पोटामागच्या रक्तस्रावाला सीटी अँजिओ करून, गळती आतून बंद करायला कव्हर्ड स्टेंट किंवा कॉइल टाकणार कोण? सिग्नलला अडकलेला तोच माणूस. म्हणून पाठ दुखते आणि नाडी शंभरच्या वर आहे हा फोन पहिल्यांदा त्याला जायला हवा, बीपी पडल्यावर तिसरा फोन म्हणून नव्हे. आणि ओपीडीचे आकडे दाखवल्याशिवाय कुठलंही मॅनेजमेंट निवासी डॉक्टर देत नाही. आधी कोण, हा वाद त्यामुळे कधी संपतच नाही.

भुलेश्वर

भूलतज्ज्ञांच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, ‘लोकलमध्येच आहे’ (नुसती जागा बधिर करायची आहे) असं सांगून पेशंट आमच्यापुढे न आणणं. पीसीएनसाठी (तुंबलेल्या किडनीत पाठीतून ट्यूब टाकणं) माणूस पालथा झोपवायचा, वजन ११०, रात्री घोरतो, आणि वर गुंगीसाठी मिडाझोलाम-फेंटानिल. पालथ्या माणसाचा श्वास थांबला तर त्याला उलटा करायलाच चार माणसं लागतात. ट्रॉली खोलीबाहेर उभी ठेवली आहे का, इथून विचारावं लागतं. उपाशीपोटी म्हणजे घन अन्न सहा तास, साधं पाणी दोन तास. आदल्या दिवशी ओपीडीत हे कोणी सांगितलेलं नसतं आणि पेशंट कॅथलॅबच्या दारात पोहे खाऊन हजर असतो.

दुसरी, फायब्रॉइड एम्बोलायझेशनचं (धमनीतून बारीक कण सोडून गर्भाशयातल्या गाठींचा रक्तपुरवठा बंद करणं) दुखणं. ‘टाका नाही, चिरा नाही’ एवढंच सांगितलेलं असतं. गर्भाशयाचा रक्तपुरवठा बंद झाल्या झाल्या कळा सुरू होतात आणि पहिल्या २४ तासांत शिखर गाठतात. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक किंवा कीटोरोलॅक कण सोडण्यापूर्वीच द्यायचं (किडनी आणि दमा बघून), उलटीसाठी ऑन्डॅनसेट्रॉन, जमेल तिथे पीसीए पंप (पेशंटने स्वतः बटण दाबून घ्यायचं वेदनाशामक). सुपीरियर हायपोगॅस्ट्रिक ब्लॉकने (गर्भाशयाच्या कळा नेणाऱ्या नसा बधिर करणं) पहिले काही तास फार सुसह्य होतात. महाधमनीच्या दोन फांद्या होतात तिथून कॅथेटर पलीकडच्या बाजूला गेलेलाच असतो, त्यामुळे स्क्रीनवर तो दुभाग आपोआप दिसतो. त्याच्या खाली, पाचव्या लंबर मणक्याच्या पुढच्या कडेला बेंबीखालून बारीक चिबा सुई टेकवायची, डाय सोडून रक्तवाहिनीत नाही ना ते बघायचं, आणि मग पाव टक्के ब्युपिव्हाकेन सुमारे २० मिली. पाच-दहा मिनिटांचं काम. पण हे आधी ठरलेलं असावं लागतं. टेबलावर किंकाळी आल्यावर सुचून उपयोग नाही.

सुमती_को

मी डॉक्टर नाही, प्रश्न विचारू का? फायब्रॉइडसाठी थेट आयआरकडे जाता येतं, की स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी लागते? आणि नंतर पाळी जाते असं ऐकलंय, ते खरं का?

शिसेधारी

सुमतीताई, थेट जाता येतं. पण चांगला आयआर तुम्हाला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवेलच आणि ते योग्य आहे. अनियमित रक्तस्राव असेल, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर आतल्या अस्तराची बायोप्सी आधी हवी, कारण कॅन्सर असताना एम्बोलायझेशन करून बसणं म्हणजे निदान लांबवणं. पॅप (गर्भाशयमुखाची तपासणी), हिमोग्लोबिन, गरोदरपणाची चाचणी आणि डाय देऊन एमआरआय. सोनोग्राफीवर भागत नाही. गाठ जिवंत आहे की आधीच मेलेली, देठावर लोंबते आहे का, सोबत ॲडेनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत वाढणं) आहे का, हे एमआरआयवरच नीट कळतं. डाय न घेणारी गाठ एम्बोलाइझ करून काही होत नाही.

गर्भारपण, चालू इन्फेक्शन, कॅन्सरची शंका यांत करत नाहीत. पुढे मूल हवं असेल तर आधी मायोमेक्टमीचा (नुसती गाठ काढायच्या सर्जरीचा) विचार होतो.

पाळीचं म्हणाल तर अंडाशयाला जाणारी एखादी वाट गर्भाशयाच्या धमनीतूनच असते. त्यातून कण तिकडे गेले तर पाळी कायमची थांबू शकते. पंचेचाळिशीनंतर ही शक्यता ठळक, तरुण वयात बरीच कमी. म्हणून कण साधारण ५०० मायक्रॉनच्या वरचे वापरतात. गाठ सहा महिन्यांत आकारमानाने निम्मी-अर्धी होते, नाहीशी होत नाही. ही पद्धत फ्रान्समधून १९९५ साली पुढे आली, म्हणजे प्रयोगाची गोष्ट राहिलेली नाही.

घरी गेल्यावर आठवडाभर बारीक ताप, थकवा, मळमळ हे अपेक्षित आहे. आठवड्यानंतर पुन्हा ताप चढला आणि अंगावर घाण वासाचं जाऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवायचं. पोकळीकडे वाढलेली गाठ सुटून बाहेर पडत असते किंवा आत सडत असते. हा फोन कोणाला करायचा ते डिस्चार्ज कार्डावर नसतं, आणि मुळामुठांचा धागा नेमका इथेच खरा ठरतो.

निरीक्षक_१७

इतिहास थोडासा. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटरने १६ जानेवारी १९६४ ला पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली धमनी आतून रुंद केली. पाय कापायला त्यांनी नकार दिला होता. पाय वाचला. त्याच डॉटरने १९६८ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना बजावलं होतं की रुग्णाची जबाबदारी घेणार नसाल तर महागडे प्लंबर म्हणून उराल आणि कामही दुसरे घेऊन जातील. कोरोनरी अँजिओप्लास्टी कार्डिऑलॉजिस्टकडे गेली ते सांगायला नकोच. या धाग्याचा विषय पन्नास वर्षांहून जुना आहे.

नळस्टॉप

प्लंबर वेळेवर येत नाही, हेही जुळलंच की.

फुफ्फुसवैद्य

एका ठिकाणी मात्र भरती आमच्याकडेच हवी: खोकल्यातून रक्त. आपल्याकडे टीबी बरा झाला तरी फुफ्फुसात पोकळ्या आणि फुगलेल्या ब्राँकियल (श्वासनलिकांच्या) धमन्या मागे राहतात. असा पेशंट रक्त वाहून जाण्याआधी गुदमरून जातो. रक्त येणारी बाजू खाली करून झोपवणं, वेळ पडली तर चांगल्या फुफ्फुसात ट्यूब, आयसीयू, टीबीची औषधं, हे आयआरच्या वॉर्डात होणार नाही.

पण या धमन्या आतून बंद करण्याची, म्हणजे एम्बोलायझेशनची संमती? ती आयआरनेच घ्यावी याबद्दल मी आग्रही आहे. ब्राँकियल धमन्या बहुतेक वेळा छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी निघतात. त्यांच्याच खोडातून कधी मज्जारज्जूला जाणारी फांदी निघते, हेअरपिनसारखं वळण घेऊन. ती न ओळखता कण सोडले तर दोन्ही पाय जातात. ‘पाय जाऊ शकतात’ हे वाक्य छातीविभागातल्या पहिल्या वर्षाच्या निवासीने कॉरिडॉरमध्ये सांगायचं नसतं. ते सांगताना आपण काय काळजी घेणार तेही सांगता आलं पाहिजे: मायक्रोकॅथेटर त्या फांदीच्या पलीकडे नेणार, ३०० मायक्रॉनपेक्षा बारीक कण वापरणार नाही, ते शक्य नसेल तर तिथे थांबणार.

आणि रक्त पुन्हा येऊ शकतं हेही आधीच सांगा. इंटरकॉस्टल, इंटर्नल मॅमरी, बगलेतल्या अशा छातीच्या भिंतीतल्या धमन्यांच्या फांद्या फुफ्फुसाच्या आवरणातून आत शिरलेल्या असतात. आत ॲस्परजिलोमा (बुरशीचा गोळा) असेल तर एम्बोलायझेशन ही सर्जरीपर्यंतची सवड असते, इलाज नव्हे.

वॉर्ड_सिस्टर

डॉक्टर लोकांनो, ओपीडी-भरती तुम्ही ठरवा. वॉर्डात काय होतं ते मी लिहिते.

‘ड्रेन चालत नाही’ म्हणून कॉल जातो तेव्हा आधी थ्री-वे (नळीवरचा तीन तोंडांचा नळ) बघायचा. शिफ्टिंगमध्ये कोणीतरी बंद केलेला असतो. मग नळी अंगाखाली मुडपली आहे का, पिशवी कमरेच्या वर टांगली आहे का. मगच फ्लश (सलाइनने नळी धुणं). पित्ताच्या ड्रेनमध्ये सलाइन ५ ते १० मिली हळू आत सोडायचं, सिरिंजने मागे ओढायचं नाही. ओढलं की आतड्यातली घाण वर येते. किडनीच्या ट्यूबला ५ मिलीच, कारण तिथे जागाच तेवढी. फ्लश आत केलेलं पाणी आउटपुटमधून वजा करून लिहायचं. हे निम्म्या चार्टवर नसतं, मग गळवाचा ड्रेन दिवसाला १० मिलीवर आला की नाही ते कळणार कसं?

त्वचेशी नळीवर कितव्या सेंटिमीटरचा आकडा आहे तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. ‘थोडा बाहेर आलाय का?’ या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. किडनीच्या ट्यूबमधून पहिले एक-दोन दिवस लालसर लघवी चालते. निवळलेली लघवी पुन्हा लाल झाली, गुठळ्या आल्या, तर ती थांबून बघण्याची गोष्ट नाही.

आणि कृपा करून: पिगटेल (टोकाशी गुंडाळी असलेला ड्रेन) काढताना आत दोरा असतो, ज्याने टोकाची गुंडाळी धरलेली असते. तो सोडवल्याशिवाय ओढायचं नाही. नवीन हाऊसमनला हे कोणी शिकवलेलं नसतं.

घरी ट्यूब निघून आली तर परत आत ढकलायची नाही, कोरडं गॉज लावून त्याच दिवशी यायचं. वाट मिटली की पुन्हा नवीन सुई.

नळस्टॉप

नळ बंद आणि वर कॉल. सिस्टर, माझ्या आयडीला न्याय दिलात. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

पित्तप्रकृती

पीटीबीडीबद्दल एक दुरुस्ती. अडथळा खालच्या टोकाला असेल तर आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी उघडणं), हे सगळ्यांना मान्य असावं. भांडण यकृताच्या दाराशी आहे. बिस्मथ तीन-चार (अडथळा यकृताच्या आतल्या नळ्यांपर्यंत पोचलेला) असेल तर एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) बघून, आयआर आणि आम्ही ईआरसीपीवाले एकत्र बसून कुठली नळी उघडायची ते ठरवायला हवं. निम्म्या तरी यकृताचा निचरा झाला पाहिजे, आणि निचरा न होणाऱ्या भागात डाय सोडायचा नाही, कारण तिथे इन्फेक्शन अडकतं. आकसलेल्या डाव्या लोबमध्ये ड्रेन टाकून बिलिरुबिन उतरत नाही म्हणून आठवडा वाट बघणं हे रेफरल-चिठ्ठी पद्धतीचंच फळ आहे.

टेसचंही (यकृतातल्या कॅन्सरच्या गाठीला धमनीतून औषध देऊन तिचा रक्तपुरवठा बंद करणं) तसंच. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या चाचण्यांनी फायदा दाखवला तो निवडलेल्या पेशंटमध्ये. बिलिरुबिन तीनच्या वर, पोटात बरंच पाणी, मुख्य पोर्टल व्हेन (यकृतात जाणारी मोठी शीर) बंद, अशा माणसाला टेस केलं तर गाठ मरते आणि यकृतही. नंतरचा ताप-दुखणं आठवडाभरात ओसरतं. बिलिरुबिन चढत राहिलं, गुंगी आली तर ते वेगळं प्रकरण. हा फरक ओळखायला केलेल्या माणसाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट बघावा लागतो. चार-सहा आठवड्यांनी ट्रिपल फेज सीटी (डाय देऊन तीन टप्प्यांत), आणि पुन्हा टेस करायचं की नाही हे तो सीटी आणि यकृताची ताकद बघून ठरवायचं. पॅकेजमध्ये तीन बसतात म्हणून तीन करायचे नसतात.

डायलिसिस_टेक

आमच्याकडे ही पद्धत आपोआप बसली आहे, कारण पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. सुया काढल्यावर रक्त थांबायला वीस मिनिटं लागू लागली, व्हीनस प्रेशर (परत जाणाऱ्या रक्ताचा दाब) दर वेळी चढतंय, फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडलेली धमनी आणि शीर) थरथर जाऊन नुसते ठोके लागतात: थेट आयआरला फोटो आणि आकडे. हात सुजला, खांद्यावर शिरा उमटल्या तर छातीतली मोठी शीर बघायची.

फिस्टुला बंद पडल्यावर पहिल्या दोन दिवसांत गुठळी काढायला सोपी. वाट बघत गळ्यात तात्पुरती नळी टाकली की आणखी एक शीर खराब. जाण्याआधी पोटॅशियम बघून घ्या. डायलिसिस चुकलेला असतो आणि सात पोटॅशियमवर कोणी शीर रुंद करायचा फुगा फुगवत नाही.

निवासी_३

रेडिओलॉजी एमडी करतोय. एक शंका: ही ओपीडी चालवायची तयारी आम्हाला मिळते कुठे? तीन वर्षं रिपोर्टिंग. इन्सुलिनचा डोस शेवटचा इंटर्नशिपमध्ये लिहिला.

शिसेधारी

बरोबर शंका. एमडीनंतर आयआरमध्ये डीएम किंवा डीआरएनबी तीन वर्षांचं आहे, तिथे वॉर्ड राऊंड मिळाला पाहिजे, आणि तो मिळतो का हे सीट घेण्याआधी सीनियरला विचारा. ब्रिटनने २०१० मध्ये आयआरला रेडिओलॉजीची उपशाखा मानलं, अमेरिकेत २०१२ मध्ये वेगळं प्रमाणपत्र मंजूर झालं आणि त्यांच्या प्रशिक्षणात भरती, आयसीयू, फॉलोअप आले. आपल्याकडे ते जागेवर अवलंबून आहे.

अवांतर: अर्धा मिलिमीटर शिशाचा ॲप्रन दिवसभर घालून वर वॉर्ड राऊंडही करायचा, तर कमरेची ओपीडी आधी उघडा.

मुळामुठा

आणखी एक स्थानिक अडचण. आयसीयूत सोनोग्राफी नेऊन ड्रेन टाकायचा तर पोर्टेबल मशीन पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदानविरोधी कायदा) त्या जागेसाठी नोंदलेलं हवं. स्वतःचं मशीन डिकीत टाकून हॉस्पिटलं फिरता येत नाही. म्हणजे चार ठिकाणचा कन्सल्टंट चारही ठिकाणी तिथल्या मशीनवर अवलंबून.

पेठकर

सगळं वाचलं. ज्यात पूर्ण इलाजच आयआरचा आहे, म्हणजे फायब्रॉइड, फिस्टुला, व्हॅरिकोज लेसर, तिथे भरती त्याच्या नावावर असायला माझी हरकत नाही. पित्त, गळू, रक्ताचा खोकला, इथे संयुक्त भरती. पण संयुक्त म्हणजे रोजची नोट वेळ टाकून, त्याच्या सहीने. नाहीतर नाव फक्त बिलावर येतं. आणि मेडिक्लेमवाले विचारतातच की ॲडमिट करणारा डॉक्टर कोण आणि २४ तास ठेवलं का. डे-केअर यादीत प्रोसीजर आहे का, ते आयआरच्या ओपीडीने आधी बघून द्यावं. आमचा क्लार्क दमतो.

निवासी_३

त्या नोटमध्ये रक्त पातळ करणारी औषधं पुन्हा कधी सुरू करायची ते कोणी लिहायचं? दर वेळी कार्डिऑलॉजी म्हणतं आयआरला विचारा आणि आयआर म्हणतं कार्डिऑलॉजीला.

मुळामुठा

ज्याने सुई मारली त्याने. थांबवण्याचा निर्णय दोघांचा, कारण अलीकडे टाकलेला हृदयाचा स्टेंट असेल तर कार्डिऑलॉजिस्टशी बोलल्याशिवाय क्लोपिडोग्रेल बंद करायचं नाही, प्रोसीजर पुढे ढकलता येते का ते बघायचं.

पोटातलं पाणी काढणं, ड्रेन बदलणं ही कमी धोक्याची कामं. तिथे बहुतेक वेळा काही थांबवावं लागत नाही. पीटीबीडी, पीसीएन, यकृत-किडनीची बायोप्सी ही जास्त धोक्याची. तिथे २०१९ च्या एसआयआर (अमेरिकेतली आयआरची संघटना) शिफारशींप्रमाणे प्लेटलेट पन्नास हजारांच्या वर, आयएनआर दीड ते १.८ च्या आत, क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद, ॲस्पिरिन तीन ते पाच दिवस. ७५ मिग्रॅ क्लोपिडोग्रेल सहा तासांनी पुन्हा देता येतं, लोडिंग डोस द्यायचा असेल तर २४ तास थांबायचं. हे सगळं ‘प्रोटोकॉलप्रमाणे’ असं लिहू नका. तारीख आणि वेळ लिहा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला गोळी द्यायची की नाही ते विचारत बसावं लागत नाही.

वॉर्ड_सिस्टर

आणि अक्षर.